मुलांना जाऊ द्या, आपणही जाऊ या



गणपतीच्या कार्यक्रमानंतर हॉल आवरताना एका विषयावरून आपल्यात बरीच गरमागरमी झाली होती. खुर्च्या रचून झाल्या, हॉलची किल्ली परत द्यायची वेळ आली, तरी बोलणे संपेना. शेवटी कोणीतरी म्हणाले, "आता लिहूनच काढा, पत्रकात छापू." म्हणून हा लेखनप्रपंच.

विषय असा, की कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी बेघर लोकांच्या शेल्टरवर काम करायला जावे का? आमचे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना पान उलटायला बरे: जावे. आणि त्यांच्या मागोमाग आपणही जावे. आम्ही म्हणजे ज्यांची मुले इथे साउथहॅम्प्टनात शिकतात अशी तीन-चार घरे. दोन वर्षांपूर्वी आमच्यापैकी बहुतेक जण विरुद्ध बाजूला होते, हेही कबूल करतो.

सुरुवात आमच्यातल्या एका घरच्या मुलीपासून झाली. युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिने घरी सांगितले, की थंडीचे चार महिने आठवड्यातली एक संध्याकाळ ती शहरातल्या एका शेल्टरवर जाणार आहे. तिच्या आईबाबांनी जे विचारले ते आपल्यापैकी कोणीही विचारले असते. परत किती वाजता येणार? बस मिळेल का? तिथे कसले कसले लोक येत असतील! अभ्यासाचे काय? आणि शेवटचा प्रश्न, जरा खालच्या आवाजात: मंडळात कळले तर काय सांगायचे?

गंमत अशी, की मंडळात कळल्यावर काही जणांनी कौतुकच केले. "वा, फॉर्मवर छान दिसेल!" मेडिकलला अर्ज करणाऱ्या मुलांच्या आयांनी तर लगेच पत्ता विचारून घेतला. १९५६ साली सुरू झालेल्या ड्यूक ऑफ एडिंबरा अवॉर्डमुळे 'व्हॉलंटिअरिंग' हा शब्द आपल्या घरांत शाळेपासूनच शिरलेला आहे. त्यात वाईट काही नाही. पण तीन शनिवार जायचे, सही घ्यायची आणि पुन्हा तिकडे फिरकायचे नाही, याला आम्ही सेवा म्हणणार नाही. तिथे येणारी माणसे आधीच पुष्कळांनी सोडून दिलेली असतात. त्यात आपल्या मुलांची भर कशाला?

त्या मुलीचे काम काय होते, ते ऐकून आमची पहिली भीती निम्मी झाली. पहिल्या संध्याकाळी तिने चार किलो कांदे चिरले आणि भांडी घासली. कोणीही एकट्याने कोणाबरोबर थांबायचे नाही, दोघा-दोघांनी काम करायचे. स्वतःचा फोन नंबर द्यायचा नाही, पैसे द्यायचे नाहीत, आणि पाळता येणार नाही असे वचन तर मुळीच द्यायचे नाही. भांडण झाले तर मध्ये पडायचे नाही, पगारी कर्मचाऱ्याला हाक मारायची. हे सारे तिला पहिल्या दिवसाआधीच नीट शिकवले होते. आपल्या दिवाळीच्या स्वयंपाकघरात इतकी शिस्त असती तर दर वर्षी कोणाचे तरी बोट कापले नसते!

दुसरी गोष्ट तिने सांगितली ती आम्हाला जास्त लागली. तिला वाटले होते तिथे सगळे दारुडे आणि नशेबाज येत असतील. तसे काही येतातही. पण एक गृहस्थ रोज पहाटे पाचला उठून गोदामात कामाला जात होते. पगार होता, पण भाड्याची अनामत आणि पहिल्या महिन्याचे भाडे एकदम भरण्याएवढे पैसे साठत नव्हते. एक बाई नवऱ्याच्या मारहाणीतून निघून आल्या होत्या. एक पोरगा अठरा वर्षांचा झाला म्हणून सावत्र वडिलांनी त्याला घराबाहेर काढला होता.

हे अपवाद नाहीत. इंग्लंडमध्ये कौन्सिलकडे मदतीला येणाऱ्यांची जी कारणे नोंदली जातात, त्यात दोन वर्षानुवर्षे वरती आहेत. एक, घरच्यांनी किंवा मित्रांनी 'आता आमच्याकडे ठेवून घेता येत नाही' असे सांगणे. दुसरे, भाड्याचे घर सुटणे. रस्त्यावर झोपणाऱ्यांची एका रात्रीची मोजदाद दर वर्षी शरद ऋतूत होते. २०१० साली इंग्लंडमध्ये तो आकडा १,७६८ होता, २०२४ मध्ये ४,६६७. पण रस्त्यावर दिसतात ते थोडे. २०२४ च्या अखेरीस कौन्सिलने तात्पुरत्या जागेत ठेवलेली कुटुंबे एकट्या इंग्लंडमध्ये सव्वा लाखाहून जास्त होती. मित्राच्या सोफ्यावर आज इथे, उद्या तिथे झोपणारे तर कुठल्याच नीट मोजणीत येत नाहीत.

आता आमचीच एक फजिती सांगतो. तीन वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमात मसालेभात खूप उरला. रात्री दहा वाजता आपल्यातले दोघे फॉईलचे चार ट्रे गाडीत घालून मोठ्या प्रेमाने एका शेल्टरवर गेले. तिथल्या बाईंनी आभार मानले, पण भात घेतला नाही. आपल्या मंडळींचा पारा चढला. "भिकाऱ्यांचे नखरे तरी किती!" असे उद्गार परत येताना गाडीत निघाले, ते आम्ही ऐकले आहेत आणि त्याला मानही डोलावली आहे. पुढे त्या मुलीने समजावले तेव्हा लक्षात आले. तिथली जेवणे सात वाजताच आटोपलेली. भात कोणत्या स्वयंपाकघरात शिजला, किती तास बाहेर होता, त्यात शेंगदाणे किंवा काजू आहेत का, हे लिहिलेले काही नाही. कोणाला ॲलर्जी होऊन दवाखान्यात न्यावे लागले तर जबाबदार कोण? खरे तर आम्ही आमची अडचण दान करायला गेलो होतो. टाकवत नाही आणि फ्रीजमध्ये जागा नाही, अशा भाताची. त्यांना हवे होते नवे मोजे, नवे अंतर्वस्त्र, टूथपेस्ट, फोनचे चार्जर. आम्ही विचारलेच नव्हते.

काही ज्येष्ठ मंडळींचे म्हणणे, की ही गोऱ्यांची पद्धत, आपली नव्हे. याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे.

गोऱ्यांची पद्धत जुनी आहे हे खरे. आपण पाहुण्यांना टाउन क्वेकडे फिरायला नेतो तिथे विंकल स्ट्रीटवर सेंट ज्युलियनचे छोटे चर्च आहे. १२ व्या शतकाच्या अखेरीस गर्व्हेस ल रिश नावाच्या एका धनिकाने तिथे 'गॉड्स हाउस' बांधले, यात्रेकरूंसाठी आणि गोरगरिबांसाठी. म्हणजे आपल्या भाषेत धर्मशाळाच. विंचेस्टरच्या सेंट क्रॉसमध्ये आलेल्या वाटसरूला मागितल्यास पावाचा तुकडा आणि पेल्यात घोटभर बिअर देण्याची मध्ययुगीन चाल आजही पाळतात.

पण आपल्याकडे काय कमी आहे? गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः मात्र हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. आमच्यापैकी एकाचे आजोबा असे शिकले. म्हणजे आज आपली मुले ज्या ताटाच्या वाढत्या बाजूला उभी आहेत, त्याच्या दुसऱ्या बाजूला आपलीच माणसे बसलेली होती, आणि तीही कॉलेजातलीच. त्यांना घरोघरी पाटावर बसवून वाढणाऱ्या बायकांनी 'हे लोक आपल्या कर्माने असे झाले' म्हटले असते, तर आपण आज इथे हायस्ट्रीटच्या बँकेत गृहकर्ज फेडत बसलो नसतो.

आणि 'अभ्यासाचे काय' म्हणणाऱ्या आमच्या पिढीने आपले दिवस आठवावेत. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. आमच्यातल्या कितीतरी जणांनी तिच्या शिबिरात खेड्यांत रस्ते खणले आहेत. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला जाऊन आलेलेही दोघे आहेत, आणि ते अजून दर पार्टीत त्या छावणीच्या गोष्टी सांगतात. तेव्हा आपल्या आईवडिलांनीही हेच विचारले होते. आपण गेलो, आणि पासही झालो.

सर्वांत जवळचे उदाहरण मात्र पंडिता रमाबाईंचे आहे. १८८३ साली, पंचविशीत, विधवा असताना, लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला शिकायला आल्या. डॉक्टर व्हायचे होते, पण कानाने कमी ऐकू येई म्हणून ते जमले नाही. वॉन्टेजच्या सिस्टर्सकडे त्या राहत. या सिस्टर्सनी त्यांना लंडनला फुलहॅममध्ये आपले काम पाहायला पाठवले. समाजाने 'वाया गेलेल्या' ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी तिथे आसरा होता. रमाबाईंनी पुढे १९०७ साली आपल्या आत्मकथनात लिहिले आहे, की अशा स्त्रियांसाठी काही करता येते, करायला हवे, हे आपल्याला आयुष्यात प्रथम तिथे कळले. एके काळी त्याच आश्रमात आसऱ्याला आलेल्या काही जणी आता आजाऱ्यांची सेवा करत होत्या, हे पाहून त्या चकित झाल्या. त्यांच्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले ते सर्वांना ठाऊक आहे. त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. आम्हाला एवढेच दाखवायचे आहे, की एक मराठी विद्यार्थिनी परदेशात एका आश्रयगृहाच्या दारातून आत गेली. १८८९ साली तिने मुंबईत शारदा सदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी, निराधार मुली गोळा करून तिने केडगावला आणल्या. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला आणि १८९६ साली अनाथ बालिकाश्रम सुरू केला. एका भेटीतून किती दूर जाता येते ते पाहा.

इंग्रजांकडेही असे झाले आहे. १८८४ साली लंडनच्या ईस्ट एंडमध्ये टॉयन्बी हॉल निघाला तो याचसाठी, की ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या तरुणांनी गरिबांच्या वस्तीत येऊन राहावे. क्लेमंट ॲटली तिथे काही काळ सेक्रेटरी होते, आणि त्याआधी १९०५ पासून स्टेपनीतल्या गरीब मुलांच्या क्लबात जात होते. वकिलीचे शिक्षण घेतलेला हा सुखवस्तू तरुण तिथले दारिद्र्य पाहून बदलला. पुढे त्याच्याच सरकारने १९४८ साली एनएचएस सुरू केले, ज्यात आपल्यातले अर्धे लोक नोकरी करतात, आणि १९४७ साली भारताला स्वातंत्र्य दिले. तेव्हा संध्याकाळी चहा वाटून काय होते, असे कोणी विचारू नये. चहा वाटणाऱ्याचे काय होते, तेही पाहावे.

आता मुद्द्याचे. हे सारे लिहायला आम्हाला ज्या गोष्टीने भाग पाडले ती सांगतो. ज्याची ही गोष्ट आहे त्याला हा मजकूर दाखवला आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि छापायला त्याची परवानगी आहे.

मागच्या हिवाळ्यात ती मुलगी जेवण वाढत असताना रांगेत एक आपला मुलगा दिसला. इथे मास्टर्स करायला आलेला. गणपतीला आपल्या हॉलमध्ये येऊन गेलेला. तिला पाहताच त्याने मान खाली घातली. तिने इतरांशी बोलावे तसे इंग्रजीत विचारले, सूप हवे का, आणि पुढे सरकली. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. या वेळी त्यानेच हळूच मराठीत विचारले, "मीठ आहे का?" तिने मीठ आणून दिले. नंतर तो एवढेच म्हणाला, "मंडळात कोणाला सांगू नकोस."

भारतातून फोनवर ठरवलेली खोली फसवणुकीची निघाली होती. अनामत गेली. मग मित्राच्या खोलीत जमिनीवर, तर तिथल्या मालकाने हरकत घेतली. मग काही रात्री लायब्ररीत. घरी गहाण टाकून कर्ज काढलेले, म्हणून आईवडिलांना 'सगळे छान आहे' म्हणून सांगितलेले. विद्यार्थी व्हिसावर सरकारी मदतीचा हक्क नसतो, त्यामुळे कौन्सिलकडून जागा मिळणेही कठीण. हे माहीत असल्याने त्याने कोणाला विचारलेच नाही. खरे तर सल्ला कौन्सिलकडून कोणालाही मोफत मिळतो, आणि अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी युनिव्हर्सिटीत निधी असतो. शेल्टरवरच्या कर्मचाऱ्याने त्याला तो रस्ता दाखवला. आज त्याला खोली आहे आणि पदवीही मिळाली.

मुलीने शब्द पाळला. महिनाभर तिने आपल्या आईलाही सांगितले नाही. पुढे सारे मार्गी लागल्यावर तो स्वतःच घरी आला. "अरे, आम्ही इतकी घरे असताना तू आम्हाला का नाही सांगितलेस?" असे विचारल्यावर म्हणाला, "काकू, सगळ्यांची घरं बघितली होती. कुठल्या तोंडानं सांगणार?"

त्या गणपतीच्या जेवणात तो तिसऱ्यांदा भात घ्यायला आला होता. आमच्यातलेच एक जण हसत म्हणाले होते, "हॉस्टेलचं जेवण बरं नाही वाटतं!" तोही हसला होता. आपण सगळेच हसलो होतो.

मंडळी, आपल्या कार्यक्रमाला आलेला, आपल्या पंक्तीत बसलेला मुलगा शेल्टरच्या रांगेत उभा राहिला, कारण तिथे त्याला लाज कमी वाटली. हे आम्हाला अजून गिळता येत नाही. तिथे कोणी गाव विचारत नाही, कंपनी विचारत नाही, घर स्वतःचे की भाड्याचे ते विचारत नाही. आपण पहिल्या पाच मिनिटांत तिन्ही विचारतो. शेल्टरवर जाऊन आपल्या मुलांना शिकण्यासारखे काय आहे, असे ज्यांना वाटते त्यांना आमचे हे उत्तर आहे. मीठ मागणाऱ्याला मीठ द्यावे आणि दुसरे काही विचारू नये, हे ती मुलगी तिथे शिकली. आम्ही शिकवले नव्हते, कारण आम्हालाच येत नव्हते.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. कमिटीने आणि सर्वांनी विचार करावा.

पहिली, १८ वर्षांवरील ज्या मुलामुलींना जायचे असेल त्यांना अडवू नये. पण गेले तर निदान एक हिवाळा नेमाने जावे. रात्री त्यांना आणायला गाडीची पाळी आपण पालकांनी लावून घ्यावी, म्हणजे बसचा प्रश्न मिटला आणि आपणही दारापर्यंत पोहोचलो. डीबीएस तपासणी लागली तर स्वयंसेवकांना ती मोफत असते.

दुसरी, विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांनी युनिव्हर्सिटीच्या व्हिसा कचेरीत आधी विचारून घ्यावे. 'व्हॉलंटिअरिंग' आणि 'व्हॉलंटरी वर्क' हे तिथे वेगळे धरतात, आणि दुसरे आठवड्याच्या कामाच्या तासांत मोजले जाते.

तिसरी, मंडळाच्या नावाने काही द्यायचे असेल तर आधी फोन करून काय हवे ते विचारावे. उरलेले अन्न न्यायचे नाही. बॅनर धरून फोटो काढायचा नाही. इथल्या गुरुद्वारांत लंगर चालतो, येईल त्याला बसवून वाढतात, कोणाचा फोटो लागत नाही. ते पाहून यावे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची. नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मंडळात दोन माणसे अशी असावीत, की ज्यांना सांगितलेले तिसऱ्याच्या कानी जाणार नाही. आठवडाभर ज्यांच्याकडे झोपायची सोय होऊ शकते अशा चार-पाच घरांची यादी त्यांच्याकडे असावी. आमची घरे त्या यादीत आजच लिहा.

काही जण म्हणतील, चार घरांनी आणि एका मुलीच्या कांदे चिरण्याने इंग्लंडचा घरांचा प्रश्न सुटणार नाही. नाहीच सुटणार. तो पार्लमेंटने आणि कौन्सिलने सोडवायचा आहे, आणि आपल्यापैकी ज्यांना मत देता येते त्यांनी मत मागायला येणाऱ्यांना त्याबद्दल विचारायलाही हवे. पण तोवर शुक्रवारची संध्याकाळ येतेच, आणि रांग लागतेच.

पुढच्या सभेत हा विषय घ्यावा अशी कमिटीला विनंती केली आहे. ज्यांचा विरोध आहे त्यांनी तर जरूर यावे. मागच्या वेळचा वाद अर्धाच राहिला आहे. येताना प्रत्येकाने मोज्यांचा एक जोड आणावा. नवा आणावा, कपाटातला नको.

कळावे, लोभ असावा.